हिंग, कणीक आणि गारगोटीची चकती

ती. स्व. आप्पाकाका यांस,



आषाढी एकादशीला घरी आले होते तेव्हा माझ्या पिशवीतून एक प्लॅस्टिकची डबी पडली आणि तुम्ही ती उचललीत. आत नखाएवढी, काचेसारखी गोल चकती. मधोमध सोन्याचा ठिपका. ‘हिला वास येतो,’ मी सांगितलं. तुम्ही ती डोळ्यांपाशी नेलीत, मग नाकापाशी, आणि विचारलंत, ‘मग काकूच्या डब्यातला हिंग कळंल का गं हिला?’ मी हसले, ‘सेन्सर असतो हो तो’ म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. ओट्यापाशी उभी राहिल्यावर जाणवलं, की नऊ वर्षं ज्या कामावर पोट भरते आहे ते मला घरच्या माणसाला सांगता आलेलं नाही. म्हणून हे पत्र. मासिकात छापायला दिलं, कारण मी परत निघाले तेव्हा भजनी मंडळातल्या आणखी दोघांनी एसटी स्टँडवर हाच प्रश्न केला होता, आणि त्यांनाही मी चहाच पाजला.

आधी कबुली देते. हिला वास येत नाही, मी खोटं बोलले. हिला फक्त वजन कळतं, आणि तेही स्वतःच्या अंगावर बसलेल्याचंच. नाक म्हणून जे काही आहे ते आम्ही तिच्यावर नंतर चोपडतो.

वजनाचं तुम्हाला मी काय शिकवणार? पखवाजाच्या डाव्या तोंडाला तुम्ही भजनाआधी कणीक लावता. आवाज चढा वाटला तर चिमूटभर वाढवता, फार खाली गेला तर खरवडून काढता. चामडं तेच, वाद्यांचा ताण तोच. अंगावर ओझं आलं की ते सावकाश हलतं आणि सूर उतरतो. उजव्या तोंडाची शाई हेही ओझंच, फक्त कायमचं. (सी. व्ही. रामन यांनी आपल्या चर्मवाद्यांवर 1934 मध्ये निबंध लिहिला आहे. नुसत्या चामड्याचे वरचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत. शाईच्या ओझ्याने ते जुळतात आणि वाद्य गाऊ लागतं. नोबेल मिळालेला माणूस शाईवर डोकं खपवत होता, हे मंडळात जरूर सांगा.) माझी चकती हे तसंच एक वाद्य. तिच्यावर शाई मी चढवते. कणीक हवेतून येते, आणि तिने काम झाल्यावर हवेतच परत जावं अशी अपेक्षा असते. आमचं सगळं भांडण त्या परत जाण्यावरून आहे.

चकती गारगोटीची. तुम्ही बाजाराला जाता त्या गारगोटी गावाची नव्हे. ओढ्यातल्या दोन पांढऱ्या गारा अंधारात घासून आम्ही उजेड पाडायचो आणि काकूचा मार खायचो, त्या जातीची. शास्त्रात तिला क्वार्ट्झ म्हणतात. पण ओढ्यातली चालत नाही, तिच्यात भेगा आणि डाग फार. म्हणून आता स्फटिक कारखान्यात वाढवतात: जाड पोलादी भांड्यात, अल्कली मिसळलेल्या पाण्यात, प्रचंड दाबाखाली, साडेतीनशे अंशांच्या आसपास, कित्येक आठवडे. धीराचं काम.

या दगडाची खोड पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवली. असा स्फटिक दाबला की त्याच्या अंगावर विजेचा भार येतो. काकूचा गॅसचा लायटर टक् करून ठिणगी पाडतो तो याच गुणावर, फक्त त्याच्यात गारगोटीऐवजी भट्टीत भाजलेला एक पदार्थ असतो. उलटंही घडतं: वीज दिली की स्फटिक किंचित वाकतो-सरकतो. ती वीज सेकंदाला लाखो वेळा उलटसुलट केली आणि तिची गती स्फटिकाच्या स्वतःच्या सुराशी जुळली, की तो थरथरायला लागतो आणि थरथरतच राहतो. सोन्याचा ठिपका तुम्हाला नथीतल्या टिकलीसारखा वाटला, पण तो वीज पोचवायला आहे. चकतीच्या पाठीवरही तसाच एक असतो.

ही थरथर चामड्यासारखी वरखाली नाही. जाड वही टेबलावर ठेवा, वरच्या पुठ्ठ्यावर तळवा टेकवा आणि डावीउजवीकडे सरकवा. वरचा पुठ्ठा एकीकडे, खालचा दुसरीकडे, मधली पानं तिरपी. चकतीची वरची बाजू खालच्या बाजूच्या उलट तशी सरकते, तीही अणूंच्या मापाने मोजावी इतकीच. चकती जितकी पातळ तितका सूर चढा. माझी 10 मेगाहर्ट्झची आहे, म्हणजे सेकंदाला एक कोटी वेळा हलणारी, आणि जाडी मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाएवढी. ती स्फटिकातून कुठल्या कोनात कापायची यालाही महत्त्व आहे. 35 अंशांच्या जरा वरचा एक काप आहे, एटी म्हणतात त्याला. 1934 च्या सुमारास तो रेडिओवाल्यांच्या हाती लागला. तसा कापला की घरातल्या उन्हाथंडीने सूर जवळजवळ हलत नाही. तो काप सापडला नसता तर मी आज वजनाऐवजी थर्मामीटर विकत बसले असते.

मुळात या चकत्या रेडिओसाठीच होत्या. हौशी रेडिओवाल्यांना चकतीचा सूर थोडा चढा मिळाला, तर ते तिच्यावर शिसपेन्सिलीने रेघोट्या मारून तो उतरवत. तुमची कणीकच ती! तेव्हा ओझ्याने सूर उतरतो हे कारागिरांना ठाऊक होतं. किती ओझ्याला किती उतरतो, हा हिशेब 1959 मध्ये बर्लिनच्या गुंटर झाउअरब्रे यांनी मांडला. त्यांची युक्ती मला अजून आवडते. थर पातळ आणि घट्ट असेल तर तो कशाचा आहे ते विसरून जा, चकतीच तेवढी जाड झाली असं धरा. जाड चकतीचा सूर किती ते आधीच माहीत आहे. झाला हिशेब.

आता आकडा सांगते, आणि तो तुमच्या ओळखीच्या मापात. शहाण्णव गुंजांचा तोळा. त्यातल्या एका गुंजेचे बारा कोटी भाग करा. एक भाग म्हणजे साधारण एक नॅनोग्रॅम. माझ्या चकतीच्या सोन्यावर एवढंसं ओझं बसलं, की सेकंदाच्या एक कोटी हेलकाव्यांतला एक कमी होतो. आणि कोटीतला एक गेलेला आम्हाला पकडता येतो, कारण हेलकावे मोजायला तराजू लागत नाही, चांगलं घड्याळ लागतं. पाण्याच्या रेणूंचा एकच पदर सोन्यावर सगळीकडे पसरला तरी सूर सहा-सात हर्ट्झ उतरतो.

इथपर्यंत ऐकून सगळे ‘वा’ म्हणतात. माझी कुरकुर इथूनच सुरू होते. तराजू कितीही नाजूक असू द्या, पारड्यात काय पडलं ते त्याला सांगता येत नाही. हिंग, धूळ, घाम, पावसाळी हवा, त्याला सगळं सारखंच. सुरुवातीच्या दिवसांत मी एकदा हातमोजा न घालता चकती सोन्यावर धरून उचलली. बोटाच्या ठशाच्या तेलकटपणाने आकडा असा कोसळला, की यंत्र बिघडलं म्हणून मी अर्धा दिवस तारा तपासत बसले. त्यामुळे कुणी मला ‘किती बारीक मोजतं हो तुमचं यंत्र’ म्हणालं की मी विचारते, काय मोजतं ते कुणी सांगितलं का?

त्या ‘काय’चं उत्तर लेपात आहे. 1964 मध्ये अमेरिकेत एस्सो या तेलकंपनीच्या संशोधनशाळेत विल्यम किंग यांनी चकतीला लेप देऊन तिचा वायू ओळखण्यासाठी उपयोग केला. तेलवाल्यांकडे मिश्रणं वेगळी करायच्या लांबच लांब नळ्या असत, आणि त्यांच्या आत लावलेला कोणता द्रव कोणत्या वाफेला धरून ठेवतो याचा अनुभव साठलेला होता. किंग यांनी त्या नळीतला द्रव उचलून चकतीवर लावला. पाणी ओढणारा लेप लावला की ओलावा कळतो, तेलकट लेप लावला की पेट्रोलच्या जातीच्या वाफा कळतात. नैसर्गिक वायूच्या नळांत ओल शिरली आहे का हे पाहायला याच कुळातली यंत्रं आजही बसवतात. त्यांची एक रीत लक्षात ठेवण्यासारखी: चकतीला थोडा वेळ नळातला वायू देतात, थोडा वेळ कोरडा केलेला, पुन्हा नळातला. दोन्हींतला फरक तेवढा धरायचा. एका आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

माझा लेप म्हणजे रबराच्या जातीचं पॉलिमर. ते द्रावकात विरघळवते, थेंब चकतीवर टाकते आणि चकती गरगरा फिरवते. द्रावक उडून जातो, पातळ साय मागे राहते. जाडी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या हिश्शाहूनही कमी. ही शाई चढली की सूर सुमारे दहा हजार हर्ट्झ खाली येतो. आता समजा हवेत टोल्युइन आहे, रंगाच्या दुकानात थिनरचा वास येतो त्यातलं. दहा लाख भागांत शंभर भाग. आणि समजा, ते हवेपेक्षा हजारपट दाटीने माझ्या लेपात मुरतं. मग सूर आणखी किती उतरेल? चार हर्ट्झ. दहा हजारांची शाई आणि चाराची कणीक. तुमच्या नाकाने दुकानाच्या पायरीवरच ‘थिनर’ म्हटलं असतं.

तर मग जास्त ओढणारा लेप लावावा. लावतोही. पण जो घट्ट धरतो तो सोडत नाही, आणि जो सोडतो तो येईल त्या प्रत्येकाला थोडी थोडी जागा देतो. पाऱ्याचं घ्या. थर्मामीटर फुटला तेव्हा काकूची अंगठी पांढरी पडली होती, आठवतं? सोनं पाऱ्याला आत घेतं. म्हणून चकतीचा सोन्याचा ठिपकाच, काही लेप न देता, हवेतल्या पाऱ्याच्या वाफा टिपतो, आणि फार चांगल्या टिपतो. मग तो पारा तिथेच बसतो. चकती तापवून त्याला हाकलावं लागतं, तेव्हा कुठे पुढचं मोजमाप. चांदीचंही तसंच. पैंजण काळे पडतात ते हवेतल्या गंधकाच्या वायूंनी; चकतीवर चांदीचा पातळ थर दिला तर तो काळा पडताना वजनाने वाढतो. संग्रहालयांत आणि संगणकांच्या मोठमोठ्या खोल्यांत हवा धातू खाते आहे का हे अशा चांदीच्या आणि तांब्याच्या चकत्यांवरून पाहतात. तिथे परत जाण्याचा प्रश्नच नाही. थर खाऊन झाला की चकती बदलायची. मला हे प्रामाणिक वाटतं: एकदाच वापरायची वस्तू एकदाच वापरायची म्हणून विकणं.

मधली वाट काढणारेही आहेत. व्हिएन्ना विद्यापीठात फ्रांत्स डिकर्ट यांच्या गटाने साच्याची वाट धरली. पॉलिमर घट्ट होत असताना त्यात हवा तो रेणू मिसळून ठेवायचा, नंतर धुऊन काढायचा. मागे त्याच्या आकाराची पोकळी उरते. मोदकाच्या साच्यात करंजी बसत नाही. रेणूंच्या जगात मात्र थोडी दाबली तर बसते, म्हणून तिथेही पुरतं समाधान नाही. दुसरे लोक सहा-आठ चकत्या ओळीने मांडतात, प्रत्येकीचा लेप वेगळा, कुठलाच पुरता निवडक नाही, आणि सगळ्यांचे आकडे एकत्र पाहून वासाची चाल ओळखतात. भजनातला एकटा कुणी धड सुरात नसला तरी सगळे मिळून कुठला अभंग चालू आहे ते रस्त्यावरून कळतंच की.

या सगळ्यांत आमचा खरा वैरी पाऊस. जुलैत तुमचा पखवाज उतरतो, तुम्ही गठ्ठे ठोकून आणि वाद्या ओढून तो वर आणता. माझ्याकडे ओढायला वाद्या नाहीत. बहुतेक लेपांना पाणी थोडंफार आवडतंच, आणि पावसाळी हवेत पाण्याची वाफ मला हव्या असलेल्या वायूच्या शेकडो पट असते. चार हर्ट्झची कणीक शोधायची आणि दरवाजा उघडल्यासरशी आकडा वीस हर्ट्झने हलायचा! म्हणून जोडीला दुसरी चकती ठेवतात, तशीच, पण झाकलेली. तापमानाचा त्रास दोघींना सारखा, तेवढा तरी वजाबाकीत जातो. ओलाव्यासाठी हवा आधी वाळवून घ्यावी लागते. दोघींची वजाबाकी कशी होते ते तुम्हाला आवडेल. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित विसंवादी असल्या की मधून एक सावकाश लाट ऐकू येते, आणि ती थांबेपर्यंत खुंटी पिळायची. दोन चकत्यांचे सूर विजेच्या मंडलात एकत्र केले की तशीच लाट मिळते. कोटीचे सूर कुणाच्याच कानाला ऐकू यायचे नाहीत, पण दोघींत फरक हजार-दोन हजारांचा असला तर तो स्पीकरवर ऐकू येतो. मी एकदा तो लावून ठेवला होता आणि जवळच्या ताटलीत स्पिरिट ओतलं. शिट्टीचा सूर हळूहळू सरकला. त्या दिवशी तुम्ही तिथे हवे होतात.

झाउअरब्रे यांच्या हिशेबातली अट मी वर पटकन उरकली, ती तुमच्यामुळे पुन्हा आठवली. थर घट्ट हवा. कणीक सैल झाली तर काय होतं? ती चामड्याबरोबर हलत नाही, मागे रेंगाळते, नुसता सूर उतरत नाही तर आसही जाते, थाप मारल्यावर आवाज बसकाच निघतो. मऊ लेपाचं तेच. तो वायू पिऊन फुगला की आणखी मऊ होतो, आणि मग उतरलेल्या सुरातला किती भाग वजनाचा आणि किती मऊपणाचा ते सांगता येत नाही. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या लोकांनी 1990 च्या दशकात यावर सोपा इलाज केला: चकतीची वीज मध्येच तोडायची आणि तिची आस किती वेळ टिकते ते मोजायचं. सूर आणि आस, दोन्ही. तुम्ही वाद्य पारखताना नेमकं हेच करता, आणि त्यासाठी तुम्हाला कुणी निधी दिला नव्हता.

पाण्यात बुडवलेल्या चकतीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते माझं क्षेत्र नाही. बरीच वर्षं समजूत अशी होती, की पाण्यात ती गुदमरेल. ती सरकते, ढकलत नाही, म्हणून तगते. पाण्याचा अगदी पातळ पदर तेवढा तिच्याबरोबर ओढला जातो. त्यामुळे सूर किती उतरेल ते कानाझावा आणि गॉर्डन यांनी 1985 मध्ये काढून दाखवलं. माझ्या चकतीसाठी तो आकडा सुमारे दोन हजार हर्ट्झ येतो. तिथून पुढे रक्तातली प्रथिनं, जंतू वगैरे मोठं राज्य आहे.

आता हिंग. येताना काकूच्या डब्यातून खडा हिंगाचा एक तुकडा कागदात बांधून आणला. (काकूला तो कमी झालेला कळला असेल, तिला माझं नाव सांगा.) हिंगाच्या वासात मुख्य जोर गंधकाच्या संयुगांचा, आणि गंधकाला सोन्याची ओढ फार; आम्ही एरवी सोन्यावर काही पक्कं बसवायचं असलं की गंधकाचं टोक असलेले रेणू मुद्दाम वापरतो. म्हणून लेप न देता, कोऱ्या सोन्याची चकती घेतली. कोरड्या नायट्रोजनमध्ये आकडा स्थिर होईपर्यंत थांबले, मग तो वायू हिंगाच्या खड्यावरून फिरवून चकतीवर सोडला. तासाभरात सूर तेहतीस हर्ट्झ उतरला आणि थबकला. हिंग काढला, पुन्हा कोरडा नायट्रोजन, रात्रभर. सकाळी अकरा परत आले होते. बावीस राहिले. दुसऱ्यांदा हिंग दाखवला तेव्हा जेमतेम तेवढेच अकरा उतरले आणि तेवढेच परत गेले.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: कळला, पण एकदाच नीट कळला. पहिल्या वेळेचे बावीस हर्ट्झ सोन्याने स्वतःकडे ठेवून घेतले. उरलेले अकरा हिंगाचे की खड्याबरोबर आलेल्या ओलाव्याचे, ते मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. नुसता कागद ठेवून तेच पुन्हा करून पाहायचं राहिलं आहे. ते या आठवड्यात करते.

ती चकती वेगळ्या डबीत घालून वर ‘आप्पाकाका’ असं लिहून ठेवलं आहे. दिवाळीला घेऊन येईन. सोन्यावर बोट लावू नका, एवढंच.

काकूला नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

तुमची,
मनी